नवं पेन किट घ्यावं का? लेथवर पेनं करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नवं किट बाजारात आलं की लेथवाल्यांमध्ये तेच ते प्रश्न पुन्हा फिरू लागतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून काढली आहेत. मोजमापं पक्की आहेत. मतं माझी आहेत, आणि त्यांवरून वाद घालायला मी कायम तयार असतो.

नव्या किटमध्ये नवं असतं तरी काय?

बहुतेक वेळा कपडे. हाडं जुनीच.

किटमध्ये पितळी नळ्या, टोक, क्लिप, एखाद-दुसरं कडं, रिफिल पुढेमागे करणारी यंत्रणा आणि एक रिफिल मिळते. लाकडाचा किंवा ॲक्रिलिकचा भाग आपण करायचा: ठोकळ्याला भोक पाडून त्यात नळी चिकटवायची आणि लेथवर कातायचं. 'नवीन' म्हणून येणाऱ्या कितीतरी किटांत क्लिपवरची नक्षी बदललेली असते, कड्यावर वेगळी वेलबुट्टी असते, आणि आत वर्षानुवर्षं चालत आलेला सांगाडा असतो. ओळखायला सोपी खूण म्हणजे ड्रिलचं माप, कारण स्लिमलाइन, सिएरा आणि सिगार या जुन्या, प्रचलित किटांची मापं ठरलेली आहेत. ७ मिमीचं ड्रिल आणि दोन नळ्या असतील तर ते स्लिमलाइनचं भाऊबंद. २७/६४ इंच, म्हणजे साधारण १०.७ मिमी, आणि एकच नळी असेल तर सिएराच्या घराण्यातलं. १० मिमी आणि दोन नळ्या असतील तर सिगारशी नातं असण्याची शक्यता मोठी.

तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांत बनलेलं एकच किट वेगवेगळे विक्रेते वेगवेगळ्या नावांनी विकतात, हेही लक्षात ठेवा. ड्रिलचं माप, नळीची लांबी आणि बुशिंगचा (कातताना नळीच्या टोकाशी लावायच्या, माप दाखवणाऱ्या लोखंडी कड्याचा) व्यास हे तीन आकडे जुळले तर नावं काहीही असोत, ती सख्खी भावंडंच. यात वाईट काही नाही. उलट तुमच्या खणातली बुशिंगं कामी येतात.

किट आल्या आल्या जी मतं ऐकू येतात, ती किती मनावर घ्यायची?

निम्मी. ती कोणत्या दिवशी दिली आहेत ते बघून.

पेन जोडून झाल्यावर पहिल्या तासात माणूस खुशीत असतो. लाकूड चकाकत असतं, मुलाम्यावर बोटाचा डागही नसतो, रिफिल कोरी असते. त्या तासात दिलेलं मत खोटं नसतं, पण ते पेनाबद्दल नसून जोडणीबद्दल असतं. भोक नीट पडलं का, भाग सरळ बसले का, पेन दिसायला कसं आहे, एवढंच तेव्हा कळतं. किटाचे खरे दोष हळूहळू वर येतात. क्लिप सैल पडते. बोटं टेकतात तिथला मुलामा उडून खालचं पितळ दिसू लागतं. फिरवायच्या यंत्रणेत खेळ येतो आणि लिहिताना टोक टकटक वाजतं. टोपणाचे आटे झिजतात आणि टोपण खिशातच निघून येतं.

मी हे ठेच लागून शिकलो. एकदा खटक्याचं एक नवं किट आलं होतं, दिसायला देखणं, आवाज अगदी टणक. मी तोंडभरून कौतुक केलं आणि लगेच सात पेनं करून भेट दिली. काही महिन्यांत तीन परत आली, तिन्हींचा खटका आत जाऊन तिथेच बसलेला. आतलं दात असलेलं चाक प्लॅस्टिकचं होतं आणि ते झिजलं होतं. दुकानदाराने भाग बदलून दिले, पण भेट दिलेलं पेन परत मागून आणताना जी लाज वाटते, तिचा बदली भाग कुणाकडे नसतो. तेव्हापासून नवं किट आलं की एकच करतो, ते स्वतःच्या खिशात दोन महिने वापरतो, आणि मगच तोंड उघडतो.

मतं ऐकताना सांगणाऱ्याने पेन किती दिवस वापरलं हे आधी विचारा. वजन, रिफिल आणि आटे यांचा उल्लेखच नसेल, नुसतं 'झकास दिसतं' असेल, तर ते मत फोटोबद्दलचं समजा. तक्रार करणाऱ्याचं मतही तसंच तपासून घ्यावं. 'जोडताना तडा गेला, किट भिकार' म्हणणाऱ्याने नळीच्या तोंडातला गोंद साफ केला होता का, हे विचारलं की पुष्कळदा शांतता पसरते.

पाकीट हातात आल्यावर, लेथ सुरू करण्याआधी काय तपासावं?

डिजिटल कॅलिपर घ्या आणि भाग मोजा. बुशिंग नव्हे, भाग. टोक, कडं, क्लिपचं कडं, जिथे जिथे लाकूड धातूला भिडणार आहे तिथला प्रत्येक व्यास कागदावर लिहून ठेवा. बुशिंग आणि प्रत्यक्ष भाग यांत फरक निघतो, विशेषतः किट नवीन असताना. पाव मिमीची पायरीसुद्धा बोटाला लगेच जाणवते, डोळ्याला नंतर.

मग नळी. सोबतच्या कागदावर जे ड्रिल लिहिलं आहे त्याने टाकाऊ लाकडात भोक पाडा आणि नळी घालून बघा. ती हलकेच सरकायला हवी. ठोकावी लागली तर गोंदाला जागा उरत नाही, आणि खडखडली तर गोंदाचा थर जाड होऊन नळी एका बाजूला बसते.

नंतर आटे. टोपण, टोक, निबचा भाग, जे जे फिरवून बसतं ते दहा वेळा उघडून लावा. पितळाचे आटे पितळावर फिरत असतील तर उत्तम. धातूचे आटे प्लॅस्टिकवर फिरत असतील तर किट बाद होत नाही, पण जपून वापरायचं आहे हे कळतं.

शेवटी रिफिल. फिरवायची यंत्रणा असेल तर ती हातात धरूनच रिफिल लावा आणि टोकातून किती बाहेर येते ते बघा. टोकाच्या भोकात रिफिल डुगडुगत असेल तर तो दोष लाकूडकामाने झाकला जाणार नाही.

हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात. ठोकळा कापून, नळ्या चिकटवून, कातून, पॉलिश करून झाल्यावर वाकडी क्लिप हाती येण्यापेक्षा ती बरी.

प्रत्येक नव्या किटासाठी नवं बुशिंग घ्यावंच लागतं का?

विक्रेता हो म्हणेल. मी म्हणेन, आधी खण उघडून बघा.

नळीच्या आतल्या व्यासात बसणारं आणि बाहेरून जवळपास त्याच मापाचं बुशिंग असेल तर काम निभतं, कारण शेवटचं माप तुम्ही कॅलिपरनेच घेणार आहात. बुशिंग हे फक्त थांबायची खूण आहे. शिवाय ते कायम खरं राहत नाही. पॉलिश पेपर प्रत्येक वेळी त्यावरूनही घासला जातो आणि लोखंड हळूहळू उतरतं. वीस-पंचवीस पेनं झालेल्या बुशिंगवर डोळे मिटून भरवसा ठेवला की पेन बारीक निघतं आणि दोष किटावर जातो.

पेन गोल न होता अंडाकृती होत असेल, म्हणजे एका बाजूला लाकूड धातूशी सपाट आणि दुसऱ्या बाजूला उंच, तर बहुधा मँड्रेल, म्हणजे ठोकळे आणि बुशिंगं ओवून लेथवर फिरवायचा गज, वाकलेला असतो. त्याची दांडी बारीक असते. टेलस्टॉक (लेथचा मागून दाबणारा भाग) किंवा टोकाची नट जरा जास्त आवळली की ती कमानीसारखी वाकते. यावर सरळ उपाय म्हणजे मँड्रेल सोडून ६० अंशांच्या दोन सेंटरांमध्ये, म्हणजे लेथच्या टोकदार आधारांमध्ये, थेट काम करणं. मी बरीच वर्षं मँड्रेलला शिव्या देत काम केलं आणि मग एका दुपारी सेंटरांवर गेलो. परत फिरलो नाही.

स्लिमलाइन आधी शिकावं, की नवशिक्याने थेट नवं किट घेतलं तर चालेल?

थेट अगदी नवं नको. त्याचे दोष अजून कुणाला सापडलेले नसतात, आणि तुमचे दोष तुम्हाला सापडलेले नसतात. चूक कुणाची ते ठरवायचं कसं?

पण 'सुरुवात स्लिमलाइननेच' हा जो दंडक आहे, तो मला पटत नाही. स्लिमलाइन स्वस्त असतं म्हणून ते सोपं आहे असं वाटतं. त्यात दोन नळ्या, दोन्हींमध्ये लाकडाचे रेषे जुळवायचे, नळीवरची लाकडाची भिंत अगदी पातळ, आणि यंत्रणा दाबताना थोडी जास्त आत गेली की रिफिलचं टोक कायमचं बाहेर. एका नळीचं सिएरासारखं किट नवशिक्याला जास्त क्षमा करतं. एकच तुकडा, जाड भिंत, आणि यंत्रणा फिरवून बसवायची.

मुलामा कोणता टिकतो?

सोनेरी हवा असेल तर टायटेनियम नायट्राइडचा घ्या. २४ कॅरेटचा म्हणून जो मुलामा असतो तो खरं सोनंच असतो, पण सोनं मऊ आणि थर पातळ, त्यामुळे रोजच्या वापरात तो सगळ्यात आधी उतरतो. रुपेरीत ऱ्होडियम आणि क्रोम दोन्ही दणकट. काळ्यात काळं टायटेनियम चांगलं. काळा रंग नुसता वर फासलेला असेल तर कडांवर टवके उडतात. ज्यांच्या हाताला घाम जास्त येतो त्यांच्यासाठी पेन करत असाल तर इथे काटकसर करू नका.

नव्या किटात सध्या बोल्टचा खटका फार दिसतो. तो कसा?

रायफलच्या बोल्टसारखी छोटी मूठ खाचेतून पुढे सरकवून अडकवायची, असं ते. हातात खेळवायला मजा येते आणि बैठकीत शेजारच्याला वैताग. रचना साधी आहे: खाच, मूठ, स्प्रिंग. त्यामुळे प्लॅस्टिकचा दात झिजायचा प्रश्नच येत नाही आणि म्हणून मला ही यंत्रणा खटक्यापेक्षा विश्वासाची वाटते. सुरुवातीला खाच खरबरीत लागते. टाचणीच्या टोकावर मावेल एवढं सिलिकॉन ग्रीस लावून शंभरेक वेळा सरकवा, सुधारते.

रिफिल बहुधा पार्करच्या आकाराची लागते. प्रमाणित भाषेत तिला जी२ म्हणतात आणि तिची लांबी साधारण ९८ मिमी असते. हा या किटांचा मोठा गुण, कारण त्या आकारात बॉलपेनच्या, जेलच्या कितीतरी रिफिली मिळतात. किटाबरोबर आलेली रिफिल पहिल्याच दिवशी काढून चांगली घाला. निम्म्या किटांची बदनामी त्यांच्या रिफिलीमुळे होते.

शाईच्या पेनाचं नवं किट घ्यायचं आहे. निबशिवाय आणखी काय बघू?

निब तर बघाच, पण तिला बदलता येतं का ते आधी बघा. किटांमध्ये साधारण ५ आणि ६ क्रमांकाच्या निबा येतात. ६ क्रमांकाची निब बसत असेल तर पुढे योवो किंवा बॉकसारख्या जर्मन निबा घालायची वाट मोकळी राहते. निब आणि जीभ (निबेला शाई पोचवणारा खालचा भाग) नुसत्या ओढून निघणाऱ्या असतील तर बदल सोपा. आट्यांच्या घरासकट बदलायची असेल तर सांभाळा, कारण योवोच्या घराचे आटे बॉकच्या घराला चालत नाहीत. निबेवर 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असं कोरलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ही अक्षरं कुणीही कोरू शकतं, आणि आजच्या निबांच्या टोकाला इरिडियम असेलच असं नाही.

जोडल्यावर शाई भरण्याआधी निब, जीभ आणि कन्व्हर्टर (शाई भरायची नळी) कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा. कारखान्यातलं तेल जिभेच्या खाचांत राहिलेलं असतं आणि त्यामुळे शाई तुटक येते. 'नव्या किटाची निब कोरडी आहे' या तक्रारींतल्या कितीतरी या एका अंघोळीने मिटतात.

आता टोपण. पेन शाईने भरून, टोपण लावून, आठवडाभर आडवं ठेवा आणि मग उघडून थेट कागदावर टेकवा. पहिल्या रेघेला उठलं तर टोपण हवाबंद आहे. दोन-तीन फटकारे मारावे लागले तर सोसण्यासारखं. पाण्यात बुडवावं लागलं तर ते किट मी दुसऱ्यांदा घेत नाही, मग ते कितीही नटलेलं असो. पेनाचं रूप दाखवणारी चित्रं शंभर मिळतात. ही आठवड्याची परीक्षा दिलेलं पेन मात्र कुणी दाखवत नाही.

टोपण किती फेऱ्यांत उघडतं तेही मोजा. तीन सुरुवातींचे आटे असतील तर फेरी-दीड फेरीत उघडतं. एकेरी बारीक आटे असतील तर फिरवत बसावं लागतं आणि तोवर सुचलेलं वाक्य निघून जातं.

वजनाबद्दल एक. किटाच्या शाईच्या पेनात बोटं टेकायची जागा बहुतेकदा धातूची असते, आत पितळी नळ्या असतात, आणि टोपण मागे खोचलं की सगळा भार मागे जातो. दोन ओळी लिहून हे कळत नाही. दोन पानं लिहा.

चुंबकाच्या टोपणाची किट टिकतात का?

टोपण टपकन बसतं, त्याचं कौतुक काही दिवस पुरतं. टिकण्याबद्दल तक्रार नाही, आटेच नसल्यामुळे झिजायलाही फारसं काही नाही. फक्त टेबल साफ ठेवा. हत्यार धार लावताना उडालेला पोलादाचा कीस चुंबकाला जाऊन चिकटतो आणि नवा मुलामा पहिल्याच उघडझाकीत ओरखडतो. शाईच्या पेनात मात्र चुंबक धरून ठेवतो म्हणजे हवा रोखतो असं नाही. वरची आठवड्याची परीक्षा इथे दुप्पट कडक घ्या.

नव्या किटाचं पहिलं पेन कोणत्या लाकडाचं करावं?

सरळ रेषांच्या, कोरड्या, साध्या लाकडाचं. जपून ठेवलेला गाठीचा सुंदर ठोकळा पहिल्या प्रयत्नात घालू नका. ठोकळा सहसा १९ मिमी चौरस आणि १२५ मिमी लांब असतो, बहुतेक किटांना तेवढा पुरतो, पण नळी मोजल्याशिवाय करवत लावू नका. ओलसर लाकूड नकोच. पेन झाल्यावर ते सुकतं, आकसतं, पितळी नळी आकसत नाही, आणि उभी चीर पडते. तो दोषही बिचाऱ्या किटाच्या नावावर जमा होतो.

भिंत कुठे किती पातळ होते ते बघा. नव्या सडपातळ किटांत टोकाजवळ लाकूड कागदासारखं उरतं. तिथे पॉलिस्टर रेझिनसारखा ठिसूळ माल टवके सोडतो, युरेथेन रेझिन किंवा स्थिर केलेलं (रेझिन मुरवून घट्ट केलेलं) लाकूड तग धरतं. पारदर्शक ॲक्रिलिक घ्यायचं असेल तर नळी बाहेरून आणि भोक आतून रंगवा, नाहीतर पितळ आणि गोंदाचे ओघळ बाहेरून दिसतात.

सायनोॲक्रिलेटचं (झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूचं) फिनिश देणार असाल तर त्याचे थर चढून जाडी वाढते, म्हणून लाकूड धातूच्या मापापेक्षा केसभर खाली उतरवा. हे काम उघड्या खिडकीपाशी करा. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

जोडताना तडा गेला. किटाचा दोष की माझा?

दहातल्या आठ वेळा आपला. नळीच्या तोंडाशी आत गोंदाचा एक थेंब सुकलेला असतो, भाग दाबताना तोच पाचर बनतो. नळी चिकटवण्याआधी तिचं तोंड मेणाने किंवा मुलांच्या खेळण्यातल्या मळलेल्या मातीने बंद करा आणि नंतर आतून गोल कानस फिरवा. टोकं नळीशी काटकोनात नसली तर दाब एका बाजूवर येतो, तिथूनही तडा सुरू होतो. दाबायला व्हाइस चालतो, जबड्यांना लाकडाच्या फळ्या लावा आणि पहिले दोन मिलिमीटर भाग सरळ जातोय का ते डोळा बारीक करून बघा.

उरलेल्या दोन वेळा भागच जाड निघतो. सुट्टा भाग मोजा, नळीचा आतला व्यास मोजा, आणि फरक दिसला की विक्रेत्याला आकड्यांसकट कळवा. 'बसत नाही' एवढंच लिहिलं तर दोष तुमच्यावरच येतो. घट्ट भाग जबरदस्तीने घालू नका, नळी आतून घासून सैल करा. सैल भागाला गोंदाचा थेंब पुरे, पण यंत्रणेच्या जवळ पातळ सायनोॲक्रिलेट नको. ते फटीतून धावतं आणि यंत्रणा जाम करतं. माझ्याकडे असं एक कायमचं बंद पेन आहे, कागद दाबायला वापरतो.

किट न वापरता सगळंच हाताने करणारे म्हणतात, किट म्हणजे लुटूपुटूचं काम. खरं का?

त्यांचं काम बघून मी टोपी काढतो. टॅप-डाय घेऊन रेझिनमध्ये आटे पाडणं, निबेचं घर बसवणं, ही वेगळी विद्या आहे. पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी भोक सरळ पाडायला किटावरच शिकलेलं असतं, हे ते जेवणानंतर कबूल करतात.

आवडतं किट बंद झालं तर?

होतंच. नवं येतं म्हणजे एखादं जुनं जातं. मी ज्या किटाची पेनं लोकांना दिली आहेत, त्याची दोन किटं न फोडता बाजूला ठेवतो, सुट्या भागांसाठी. क्लिप तुटली, यंत्रणा गेली तर तेच पाकीट कामी येतं. बुशिंगं काढून टाकू नका. छोट्या डबीत घालून वर किटाचं नाव, ड्रिल आणि तुम्ही कॅलिपरने घेतलेली मापं लिहा. नाव पुढे बदलेल, मापं बदलणार नाहीत. माझ्याकडच्या एका डबीवर फक्त 'ते निळं' असं लिहिलेलं आहे, आणि ते कोणतं हे मला अजून आठवलेलं नाही.